शंका, श्रद्धा आणि स्वतःचा अनुभव: बुद्धाकडे आणि ख्रिस्ताकडे

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. तुम्ही वसईच्या कॅथलिक घरात वाढलात. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात काही विचारलंत की ‘प्रश्न नको, विश्वास ठेव’ असं उत्तर मिळायचं. मग इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंत. तिथे ‘कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः अनुभवून बघा’ हे ऐकून मोकळं वाटलं. सातव्या दिवशी सगळं शरीर विरघळून नुसता सूक्ष्म स्पंदनांचा प्रवाह उरला. घरी आल्यापासून आईशी वाद चालू आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. बौद्ध धम्म शंकेला मान देतो आणि ख्रिस्ती धर्म तिला पाप मानतो, हे खरं का? तो सातव्या दिवसाचा अनुभव हा पुरावा आहे का? आणि चर्च सोडावं का?

मी सव्वीस वर्षं साधना करतो आहे. घर बौद्ध. आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. नोकरी मात्र सगळी एका मिशन हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे ख्रिस्ती माणसं मी पुस्तकातून कमी आणि रात्रपाळीच्या चहाच्या टेबलावर जास्त ओळखतो. तुमच्या पहिल्या प्रश्नातली विभागणी मला पटत नाही. ती दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय करते आणि साधकाचं तर नुकसानच करते.

सुरुवात कालामांपासून करू, कारण ‘बुद्धाने शंका घ्यायला सांगितलं’ म्हणणारा प्रत्येक जण तिथूनच निघतो. कोसल देशात केसपुत्त नावाचं कालाम लोकांचं गाव होतं. तिथे एकामागून एक श्रमण आणि ब्राह्मण येत, आपलं मत उजळून दाखवत आणि दुसऱ्याचं मत पायदळी तुडवत. कालाम बुद्धाला म्हणाले, यातलं खरं कोण बोलतं आणि खोटं कोण, हेच आम्हाला कळेनासं झालंय. त्यावर बुद्ध म्हणाला, ‘अलञ्हि वो, कालामा, कङ्खितुं, अलं विचिकिच्छितुं’. कालामांनो, तुम्हाला शंका आली हे योग्यच आहे, कारण शंका यावी अशाच जागी ती आली आहे. त्यापुढे त्याने दहा आधार मोजून सांगितले, ज्यांच्यावर नुसतं विसंबून काही स्वीकारू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा, वदंता, ग्रंथात आहे म्हणून, आणि शेवटी ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ म्हणूनसुद्धा नाही.

इथपर्यंतचा मजकूर आपल्याकडे विहारांच्या भिंतींवर आणि दिनदर्शिकांवर असतो. पुढचा भाग सहसा गळतो. त्या दहा आधारांत तर्क आहे, अनुमान आहे, आणि ‘हे माझ्या आधीच्या मताशी जुळतं’ हेही आहे. म्हणजे ‘तुझ्या बुद्धीला पटेल तेवढंच घे’ असं बुद्धाने कालामांना सांगितलेलं नाही. त्याने विचारलं: माणसाच्या मनात लोभ उपजतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? कालामांनी उत्तरं दिली, आणि तीही स्वतःच्या जगण्यातून. कसोटी अशी: या गोष्टी अकुशल आहेत, सदोष आहेत, जाणत्यांनी निंदलेल्या आहेत, आचरल्या तर दुःख देतात, असं तुम्हाला स्वतःला कळेल तेव्हा त्या सोडा. यात ‘जाणत्यांनी निंदलेल्या’ हे शब्द आहेत, ते वगळू नका. एकट्या माणसाच्या आवडीनिवडीवर बुद्धाने भार टाकलेला नाही.

त्याच सुत्ताचा, म्हणजे कालामांना केलेल्या त्या उपदेशाचा, शेवट मला फार प्रिय आहे. मरणानंतर परलोक आहे की नाही, कर्माचं फळ मिळतं की नाही, याचा निकाल बुद्ध तिथे लावत नाही. ज्याचं मन वैरमुक्त झालं आहे त्याला चार दिलासे आहेत, एवढंच तो म्हणतो. परलोक असेल तर तिथे माझं भलं होईल. नसेल तर इथेच मी वैराशिवाय सुखाने जगतो आहे. पापाचं फळ मिळत असेल तर मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मिळत नसेल तरी दोन्हीकडून मी शुद्धच. म्हणजे मोठा प्रश्न उघडा ठेवून आजचं पाऊल टाकायला माणसाला मोकळं केलं. धर्मांतरासाठी दार ठोठावणाऱ्या कुणाच्याही तोंडून असं बोलणं मी ऐकलेलं नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आता दुसरी बाजू. हाच बुद्ध ध्यानाच्या वाटेवरचे पाच अडथळे सांगतो, ती पाच नीवरणं, आणि त्यातलं पाचवं आहे विचिकित्सा. म्हणजे शंकाच. सामञ्ञफल सुत्तात प्रत्येक नीवरणाला उपमा आहे. पहिलं कर्जासारखं, दुसरं आजारासारखं, तिसरं तुरुंगासारखं, चौथं गुलामीसारखं. विचिकित्सेची उपमा आहे ओसाड रानातल्या लांबच्या वाटेची. धन घेऊन निघालेला माणूस, वाटेत अन्न दुर्मीळ, धोका पावलोपावली. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या टीकेत, हे चित्र आणखी रंगवलं आहे: पाखराचा आवाज आला तरी त्याला वाटतं चोर आले. चार पावलं चालतो, थांबतो, मागे फिरतो. दहा दिवसांच्या शिबिरात तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी बॅग भरून ऑफिसच्या दारात उभे राहिलेले साधक मी धम्मसेवक म्हणून, म्हणजे शिबिरात सेवा देताना, किती पाहिले असतील! त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न अमुक शिकवण खरी की खोटी असा नसतोच. पुढे जावं की मागे फिरावं, यात ते अडकलेले असतात. विचिकित्सा म्हणतात ती हीच.

प्रयोगशाळेतली गोष्ट सांगतो. नमुन्याचा निकाल विचित्र आला की चांगला तंत्रज्ञ शंका घेतो, यंत्र तपासतो, नमुना पुन्हा लावतो. ही शंका त्याला कामाला लावते. दुसरा एक असतो, तो कुठल्याच निकालावर सही करत नाही, कारण कदाचित यंत्र चुकत असेल, कदाचित रसायन जुनं असेल, कदाचित मीच चुकलो असेन. त्याच्या टेबलावर नमुने खराब होतात. बुद्धाने पहिल्या शंकेला ‘योग्य’ म्हटलं आणि दुसरीला नीवरण म्हटलं. पालीत शब्द एकच असल्यामुळे हा फरक नजरेतून सुटतो.

बौद्ध धम्मात श्रद्धेची गरज नाही, हाही एक गैरसमज. बुद्धाने सांगितलेल्या पाच इंद्रियांत, म्हणजे साधकाच्या आतल्या पाच शक्तींत, पहिलं नाव श्रद्धेचंच आहे: श्रद्धा, वीर्य (प्रयत्न), स्मृती (सजगता), समाधी, प्रज्ञा. तुम्ही दहा दिवस पहाटे चारला उठलात, मौन पाळलंत, जपमाळ आणि नोव्हेना बाजूला ठेवलीत, ते कशाच्या जोरावर? फळ तर अजून दिसलेलं नव्हतं. ‘दहा दिवस या पद्धतीला पूर्ण संधी द्या’ असं शिबिरात सांगतात, ती मागणी श्रद्धेचीच आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून विसुद्धिमग्ग लिहिणाऱ्या बुद्धघोषाने म्हटलंय की श्रद्धा जास्त आणि प्रज्ञा कमी असेल तर माणूस नको तिथे भाळतो, आणि प्रज्ञा जास्त, श्रद्धा कमी असेल तर तो लबाडीकडे झुकतो. हा दुसरा प्रकार औषधातूनच उपजलेल्या रोगासारखा असतो, त्याला उपाय नसतो.

शंका कामाला लावावी कशी, याचं आपल्या मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण बाबासाहेबांचं आहे. १९३५ साली येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं आणि नागपूरची दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ला. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्या काळात निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांना येऊन भेटत होते. बरं, बुद्धाकडे वळल्यावरही त्यांनी परंपरेने दिलेलं जसंच्या तसं घेतलं नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच त्यांनी प्रश्न टाकले आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत सिद्धार्थाला एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच दिसले, हे कसं पटावं? आत्मा नाकारायचा आणि कर्म व पुनर्जन्म मानायचा, हे कसं जुळावं? आणि तरीही दीक्षेच्या दिवशी त्यांनी उच्चारलेल्या बावीस प्रतिज्ञांत ‘कदाचित’ कुठेच नाही. एकवीस वर्षं विचारलं, आणि मग पाऊल ठाम टाकलं. माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा क्रम त्यांना कळला होता.

आता ख्रिस्ताकडे येऊ. तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जे झालं ते वाईटच झालं, पण ती चूक त्या वर्गाची होती. शुभवर्तमान संशयाला एवढं घाबरत नाही. थोमाची गोष्ट घ्या. ‘संशयी थॉमस’ म्हणून त्याची हेटाळणी होते, पण योहानाचा विसावा अध्याय नीट वाचा. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी येशू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी हात आणि कूस पाहिली होती. थोमाने तेच मागितलं, जे इतरांना आधीच मिळालं होतं. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि ‘तुझं बोट इथे ठेव’ असं त्याने स्वतःहून म्हटलं. आधी भेट दिली, मग बोलला. त्यानंतरचं वाक्य, ‘न पाहता विश्वास ठेवणारे धन्य’, हे मला थोमाला मारलेली चपराक वाटत नाही. दोनच ओळींनी पुढे योहान सांगतो की हे सगळं तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहिलं आहे. तो वाचणाऱ्यांशी बोलतो आहे, ज्यांना पाहण्याची संधी आता कधीच मिळणार नाही अशांशी. याच थोमाची समाधी चेन्नईत मैलापूरला आहे अशी परंपरा आहे. संशय घेणाऱ्याला चर्चने प्रेषित म्हणून ठेवलं, काढून टाकलं नाही.

मार्कच्या नवव्या अध्यायात तर एका बापाच्या तोंडी असं वाक्य आहे की ते मी माझ्या साधनेच्या वहीत लिहून ठेवलं आहे. मुलगा आजारी, शिष्यांकडून काही झालेलं नाही. बाप रडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एका श्वासात दोन्ही. आणि त्याचा मुलगा बरा होतो. अविश्वासाची आधी शिक्षा भोगून ये, असं त्याला कुणी सांगत नाही.

आमच्या हॉस्पिटलात एक सिस्टर होत्या. त्यांचा नवरा अडतिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर वर्षभर त्या रोज ड्यूटी संपली की चॅपलमध्ये जाऊन बसायच्या. एकदा मी विचारलं, ‘काय मागता?’ त्या म्हणाल्या, ‘मागत नाही. भांडते. कुठे होतास म्हणून विचारते.’ मला त्या वेळी हे कळलं नाही. ज्याच्या असण्याबद्दलच शंका आली आहे त्याच्याशी भांडायचं कसं? पुढे कळलं की त्यांच्या परंपरेत हे भांडण फार जुनं आहे. बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावल्यावर ते केलं. बाविसावं स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ याच ओळीने सुरू होतं, आणि क्रुसावर येशूच्या तोंडी तीच ओळ आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कित्येक वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता, आणि तरी त्या रोज कामाला उठत होत्या.

कॅथलिक शिकवणसुद्धा जाणूनबुजून धरलेला अविश्वास आणि नकळत मनात येणारी अडचण यांत फरक करते. इंग्लंडच्या कार्डिनल न्यूमननी एकोणिसाव्या शतकात लिहिलं होतं की दहा हजार अडचणी मिळूनही एक संशय होत नाही. मी वर दोन तंत्रज्ञांचा फरक सांगितला, त्याच्या अगदी शेजारी हे वाक्य बसतं.

मग दोन्ही वाटा सारख्याच का? नाहीत. आणि खरा फरक कुठे आहे ते दिसलं नाही तर आईशी तुमचे वाद वर्षानुवर्षं चालतील.

ख्रिस्ती श्रद्धा एका घटनेवर आणि एका व्यक्तीवर उभी आहे. पौलाने करिंथकरांना सरळ लिहिलं: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. असं काही घडलं की नाही हे तुम्ही किंवा मी डोळे मिटून बसून तपासू शकत नाही. घडून गेलेली गोष्ट पाहिलेल्यांच्या साक्षीनेच पुढच्याला मिळते. म्हणून तिथे साक्षीला एवढं मोल आहे, म्हणून ‘न पाहता’ हा शब्द येतो, आणि म्हणूनच संशय तिथे नात्यात येतो. विश्वास म्हणजे कुणावर तरी भरवसा. नवऱ्याने बायकोवर संशय घेतला की काय दुखतं ते आठवा. तुमच्या प्रश्नाने आईला जे लागतं ते हे आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही एक विधान तपासताय. तिला वाटतं तुम्ही तिच्या जिवलगावर अविश्वास दाखवताय.

बुद्ध मात्र म्हणतो, तथागत, म्हणजे बुद्ध, जन्मले किंवा न जन्मले तरी सर्व संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या सगळ्या गोष्टी, अनित्य आहेत हा नियम तसाच राहतो. तो नियम तथागताने शोधला आणि दाखवला. उद्या कुणी सिद्ध केलं की सिद्धार्थ गौतम नावाचा माणूस झालाच नाही, तर मला फार वाईट वाटेल, पण माझ्या श्वासाची अनित्यता त्याने बदलणार नाही. बाबासाहेबांनी याच फरकावर बोट ठेवलं: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं आणि तसं मानण्याची अट घातली, बुद्धाने स्वतःसाठी असं स्थान ठेवलं नाही, तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. धम्माच्या वंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो, ये आणि बघ. आणि शेवटी ‘पच्चत्तं वेदितब्बो विञ्ञूहि’, जाणत्यांनी ज्याचं त्याने अनुभवावं असा. त्यामुळे इथे शंकेने कुणी दुखावत नाही. शंकेने फक्त तुमचं चालणं थांबतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि साधक म्हणून मला त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंत, ‘मी स्वतः अनुभवलं, आता आणखी काय पुरावा हवा?’

या बाबतीत दोन परंपरा किती वेगळ्या वळणाने गेल्या ते बघा. ख्रिस्ती माणसाला अनुभव आला की तो सांगतो. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून त्या त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर खंबीरपणे वाद घालत राहिल्या, बिशप म्हणतात म्हणून मी मान तुकवणार नाही असं बजावत राहिल्या. पुढे १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता; तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ला जे आध्यात्मिक जागरण झालं, तेही असंच सगळ्यांसमोर, मोठ्याने, रडत आणि प्रार्थना करत. म्हणजे ‘ख्रिस्ती धर्मात अनुभवाला जागा नाही’ हे तुमचं म्हणणंही टिकत नाही. जागा भरपूर आहे. फक्त तो अनुभव सांगायचा असतो, आणि मंडळीने तो पारखायचा असतो. ‘प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून बघा’ असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहेच.

बौद्ध संघात नेमकं उलट. विनयातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट आहे. वैशालीजवळ दुष्काळ पडला होता, भिक्षा मिळेना. वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी युक्ती काढली. ते गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करू लागले, हा अमुक ध्यानाला पोचलेला, तो अर्हंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला. लोकांनी स्वतः कमी खाऊन त्यांना वाढलं. वर्षावास संपल्यावर इतर भिक्षू हाडं दिसेपर्यंत वाळलेले, आणि हे गुटगुटीत. बुद्धाने त्यांना कठोर शब्दांत फटकारलं आणि नियम केला: न मिळालेली अवस्था मिळाली असं सांगणारा भिक्षू संघातून बाद. भिक्षूला संघाबाहेर काढणारे असे चार दोष आहेत, त्यांना पाराजिक म्हणतात; त्यांतला हा चौथा. मग एक दुरुस्ती झाली. काही भिक्षू खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण पोचलो, पुढे लोभ आणि राग पुन्हा उठले तेव्हा त्यांना कळलं. त्यांना या नियमातून सूट मिळाली. शिवाय खरी मिळालेली अवस्थासुद्धा दीक्षा न घेतलेल्याला सांगणं हा वेगळा, लहान दोष ठरला. इतक्या जुन्या काळी संघाने हे ओळखलं होतं की अनुभव प्रामाणिक असूनही चुकीचा असू शकतो.

बुद्धघोषाने याला दहा नावं दिली आहेत, विपश्यनेचे उपक्लेश, म्हणजे साधनेत येणारे भुलवणारे दोष. प्रकाश दिसतो, प्रीती उसळते, शरीर-मन शांत होतं, सुख भरून येतं, श्रद्धा दाटते, अशी ती यादी जाते. शेवटचा आहे निकन्ति, या सगळ्याची सूक्ष्म गोडी. यातलं काहीही वाईट नाही. यालाच मार्ग समजणं ही चूक. तिथेच महानाग स्थविरांची गोष्ट आहे. त्यांना साठ वर्षं वाटत होतं की आपण अर्हंत आहोत. धम्मदिन्न नावाच्या त्यांच्या शिष्याने ओळखलं की गुरुजी अजून पोचलेले नाहीत. तो भेटायला आला, प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं अचूक. मग म्हणाला, ‘भन्ते, ऋद्धीने एक हत्ती निर्माण करा.’ केला. ‘आता तो कान ताठ करून, शेपूट सरळ करून, सोंड तोंडात घालून, चीत्कार करत तुमच्यावर धावून येतोय असं करा.’ केलं. आणि आपणच निर्माण केलेला हत्ती अंगावर येताना बघून स्थविर उठून पळायला लागले. शिष्याने चीवराचं टोक धरलं आणि विचारलं, ‘भन्ते, ज्याचे आस्रव (मनातले खोल मळ) संपले त्याला भीती वाटते का?’ महानाग त्याच क्षणी खाली बसले आणि म्हणाले, मला मदत कर. ही गोष्ट वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. साठ वर्षांचं समाधान सोडून, शिष्यापुढे बसून ‘मदत कर’ म्हणणारा माणूस केवढा मोठा!

माझ्या तिसऱ्या शिबिरात मलाही तुमच्यासारखाच प्रवाह लागला होता. दुपारी सहायक आचार्यांपुढे बसून मी उत्साहाने सगळं वर्णन केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ‘तो गेला तेव्हा काय वाटलं?’ मी गप्प झालो. कारण तो गेल्यापासून दोन दिवस मी त्यालाच शोधत होतो. गुडघ्यातली ठणक आली की चिडत होतो. ज्या वेदनेला समतेने बघायचं तिच्याशी भांडत होतो. म्हणजे जे अनित्य असल्याचं शिकायला मी आलो होतो, तेच मला कायमचं हवं झालं होतं. तुमचा अनुभव खरा आहे. तो कशाचा पुरावा आहे हे मात्र घरी आल्यावर कळेल. आईने आवाज चढवला की छातीत काय होतं, तुम्ही ते बघू शकता का, किती वेळाने शब्द तोंडातून निघतो, तिकडे बघा.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमधले क्रुसाचे संत योहान माझ्या या गुरुजनांच्या पंक्तीत सहज बसतील. त्यांच्याच संघातल्या लोकांनी त्यांना टोलेडोला कोंडून ठेवलं होतं. त्यांनी लिहून ठेवलं की दर्शनं आणि आतले आवाज आले तरी त्यांना धरून बसू नका, चांगले असले तरी सोडून द्या, नाहीतर देवाकडे जायचं राहील आणि तुम्ही त्या दर्शनातच रमाल. कॅथलिक चर्चसुद्धा लूर्दसारख्या मान्य केलेल्या दर्शनांवर विश्वास ठेवण्याची सक्ती कुणावर करत नाही. तुमच्या पॅरिशचे फादर वाचणारे असतील तर त्यांच्याशी या संतांबद्दल जरूर बोला.

राहिला चर्च सोडण्याचा प्रश्न. तो मी ठरवणार नाही, आणि एका शिबिराच्या जोरावर तुम्हीही ठरवू नका. दोन गोष्टी मात्र जवळ ठेवा.

पहिली चंकी सुत्तातली. कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण मुलगा बुद्धाला विचारतो की सत्याचं रक्षण कसं करावं. उत्तर असं: एखाद्याची श्रद्धा असेल तर त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ एवढंच म्हणावं, ‘हेच खरं आणि बाकी सगळं खोटं’ या निष्कर्षाला जाऊ नये. तर्काने पटलं असेल तर ‘मला तर्काने असं पटतं’ म्हणावं. यापुढे घरात बोलताना एवढं व्याकरण पाळून बघा. ‘तुमचा धर्म आंधळा आहे’ याऐवजी ‘मला बसल्यावर असं जाणवतं’. आईलाही मग ‘मला प्रार्थनेत असं जाणवतं’ म्हणायला जागा मिळेल.

दुसरी उपालीची. नालंदेचा हा श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा अनुयायी. बुद्धाशी वाद घालायला आला आणि वादातच त्याला पटलं. तो लगेच शरण जायला निघाला, तेव्हा बुद्ध म्हणाला, गृहपती, नीट विचार करून ठरव, तुझ्यासारख्या नामांकित माणसाने विचारपूर्वकच करणं बरं. उपालीची श्रद्धा याने आणखी वाढली. तेव्हा बुद्धाने पुढचं सांगितलं: तुझं घर फार दिवसांपासून निगंठांसाठी पाणवठ्यासारखं आहे, ते दारात आले तर त्यांना भिक्षा देत राहा.

येत्या रविवारी आई मिस्साला निघेल तेव्हा तिला सोडायला जा. आत जावंसं वाटलं तर तिच्या शेजारी बसा. श्वास तिथेही चालूच असतो. संध्याकाळचा एक तास मात्र चुकवू नका, आणि प्रवाह नाही लागला तरी उठू नका. सहा महिन्यांनी काय झालं ते कळवा.